सायकलवरून पाहिलेला बांधांचा मुलूख



सायकल आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. दूधवाला सायकलवरून येतो. पोरे सायकलवरून शाळेत जातात. आम्हीही तीस वर्षे सायकलवरूनच शाळेत गेलो. आमचे गाव कोकणात, खाडीच्या काठी. शाळेचा रस्ता खारबांधावरून जाई. एका हाताला खाडीचे खारे पाणी, दुसऱ्या हाताला भाताची शेते, आणि मध्ये मातीचा बांध.

भरतीच्या वेळी खाडीचे पाणी शेतापेक्षा उंच चढते. बांध नसेल तर शेत बुडेल. पण नुसता बांध घालून भागत नाही. पावसाचे पाणी शेतातून बाहेर जायला वाट हवी. म्हणून बांधात दार ठेवतात. त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की दार उघडते व आतले पाणी बाहेर जाते. भरती आली की दार मिटते व खारे पाणी बाहेरच राहते. बांध आणि उघाडी, या दोहोंवर आमचे भात पिकते.

हे आधी सांगण्याचे कारण आहे. पुढे आम्ही एका दूरच्या देशाची गोष्ट सांगणार आहोत. पण ती गोष्टही बांधाची आणि उघाडीचीच आहे.

१. अंकांचे रस्ते

आमची मुलगी व जावई नोकरीनिमित्त बेल्जियम देशात राहतात. हा देश युरोपात आहे. तो लहान आहे, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश. मागे एका मे महिन्यात आम्ही व आमच्या सौ. त्यांच्याकडे गेलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला सायकलची हौस आहे. चला, समुद्राकाठचा मुलूख सायकलने पाहू. दोन दिवस पुरतील."

आमच्या सौ.ना सायकल येत नाही. आम्ही म्हटले, "मग तुझ्या आईचं काय?" मुलगी हसली. तिने दोघांनी मिळून चालवायची सायकल भाड्याने घेतली. पुढे मुलगी बसली, मागे तिची आई. दोघींचे पाय बरोबर फिरत. आम्हाला वेगळी सायकल मिळाली.

सुरुवातीलाच आमची फजिती झाली. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. तिकडे उजव्या बाजूने. आम्ही सवयीने डावीकडे गेलो. समोरून एक म्हातारेबुवा सायकलवरून येत होते. त्यांनी घंटी वाजवली. आम्ही खाली उतरलो. त्यांनी हसून हाताने दुसरी बाजू दाखवली. मग मात्र आम्ही चुकलो नाही.

त्या भागात सायकलींसाठी अंकांचे रस्ते आहेत. म्हणजे काय ते पाहा. जेथे दोन-तीन रस्ते मिळतात, तेथे खांबावर एक पाटी असते. पाटीवर त्या जागेचा अंक असतो. पुढच्या जागेचा अंक व बाण हेही असतात. निघण्यापूर्वी आपण कागदावर अंक लिहून घ्यायचे आणि एकेक अंक शोधत पुढे जायचे. गावांची अवघड नावे वाचण्याची गरज नाही. ही युक्ती ह्यूगो बोलेन नावाच्या खाण-इंजिनियरने काढली. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली पुष्कळ बोगदे असतात. तेथे वाट चुकू नये म्हणून फाट्यांना अंक दिलेले असत. तीच रीत त्याने रस्त्यांना लावली. १९९५ साली त्याच्या लिंबुर्ग प्रांतात असे रस्ते सुरू झाले. पुढे ते देशभर पसरले.

अंक वाचण्याचे काम आमच्या सौ.नी घेतले. त्या लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर रात्रीच्या वर्गात शिकल्या. इंग्रजी अंक तर त्या अलीकडेच शिकल्या आहेत. इंग्रजी नऊचा आकडा आपल्या मराठी एकासारखा दिसतो. एका फाट्यावर त्यांनी नऊला एक म्हटले आणि आम्ही सगळे एका गोठ्यापुढे जाऊन उभे राहिलो! गाई आमच्याकडे बघत राहिल्या. आम्ही परत फिरलो. त्यानंतर त्या प्रत्येक पाटी दोनदा वाचू लागल्या. पुन्हा वाट चुकली नाही.

रस्ते अरुंद पण चांगले. मोटारी फारशा नाहीत. जमीन तळहातासारखी सपाट. चढ नाही, उतार नाही. त्रास फक्त वाऱ्याचा. समुद्राकडून वारा सुटला की पायांत गोळे येतात.

२. हंसाचे पाऊल

आमची सुरुवात न्यूपोर्ट गावापासून झाली. येथे ऐझर नावाची नदी समुद्राला मिळते. नदी मोठी नाही. उगमापासून मुखापर्यंत तिची लांबी ८० किलोमीटरही भरत नाही. पण गावाशेजारी सहा जलमार्ग एकत्र येतात. काही कालवे, काही नाले, आणि ही नदी. प्रत्येकावर दार आहे. वरून पाहिले तर हंसाच्या पावलाची बोटे पसरल्यासारखे दिसते. म्हणून त्या जागेला तिकडच्या भाषेत हंसाचे पाऊल असेच नाव आहे.

आम्ही पुलावर थांबलो. ओहोटी लागली होती. दारातून पाणी समुद्राकडे चालले होते. आमच्या सौ. कठड्याला टेकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, ही तर आपली उघाडी! फक्त लोखंडाची आहे."

त्यांचे म्हणणे खरे होते. हा सारा मुलूख पूर्वी भरतीचा पाणथळ होता. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी बांध घातले, चर खणले, दारे बसवली. भरतीचे पाणी आजही शेतांपेक्षा उंच चढते. ओहोटीला दारे उघडून आतले पाणी सोडावे लागते. त्यासाठी जमीनधारकांची मंडळे आहेत. मध्ययुगापासून ती चालत आली आहेत. चर कोणी साफ करायचा, बांध कोणी भरायचा, खर्च कोणी किती द्यायचा, हे ती मंडळे ठरवतात. आपल्याकडे जशी गावकी, तशीच ही रीत.

पुलाजवळ एक मोठे गोल स्मारक आहे. ते राजा आल्बर्ट पहिला याचे आहे. राजाचे स्मारक दारांपाशी का उभारले? त्याची गोष्ट आता ऐका.

३. उलटी उघाडी

१९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध सुरू झाले. ऑगस्ट महिन्यात जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या. बेल्जियमची फौज लहान. ती मागे हटत हटत ऐझर नदीपर्यंत आली. देशाचा जवळजवळ सर्व भाग शत्रूच्या हाती गेला. उरला तो समुद्राकाठचा एक कोपरा. ऑक्टोबरच्या मध्याला येथे मोठी लढाई जुंपली. जर्मन फौजा नदी ओलांडून अलीकडे आल्या. बेल्जियमचे शिपाई थकले होते. दारूगोळा संपत आला होता.

न्यूपोर्टपासून डिक्समुइडे गावापर्यंत तेव्हा आगगाडीचा रस्ता होता. तो मातीच्या भरावावर बांधलेला होता. भराव फार उंच नव्हता. पण सपाट मुलखात तोच एक आडोसा. फौज त्याच्यामागे दबा धरून बसली. तो भराव गेला असता तर सारेच गेले असते.

तेव्हा एक विचार पुढे आला. समुद्राचे पाणी आत घ्यावे. भराव हा बांध होईल. भरावाच्या पलीकडे, शत्रू आहे त्या बाजूला, पाणी पसरेल. पण हे करायचे कसे? सेनापतींना नकाशे कळत होते, पण कोणते दार केव्हा उघडावे हे त्यांना ठाऊक नव्हते. दारांवरचे नोकर गावकऱ्यांबरोबर गाव सोडून गेले होते.

तेव्हा साधी माणसे कामास आली. एक होते कार्ल कोग. शेजारच्या फर्न भागातल्या चरांवर व नाल्यांवर देखरेख करणे हे त्यांचे काम. वय साठीच्या जवळ. आयुष्य पाण्यात गेलेले. कोणत्या वाटेने पाणी कोठे जाईल, हे त्यांना पाठ होते. दुसरे होते एमेरिक फेइस, न्यायखात्यातले गृहस्थ. त्यांना जुने कागद वाचण्याचा नाद होता. पूर्वीच्या काळी लढाईत असेच पाणी सोडल्याची नोंद त्यांनी वाचली होती. तिसरे हेन्ड्रिक गेरार्ट, न्यूपोर्टचे नावाडी. दारे कशी उघडतात, हे त्यांना माहीत होते.

आधी शिपायांनी भरावाखालच्या मोऱ्या मातीने बुजवल्या, म्हणजे पाणी आपल्या बाजूला येऊ नये. मग रात्री भरतीच्या वेळी दार उघडायचे आणि ओहोटी लागण्याआधी बंद करायचे, असे ठरले. बघा, रोजची रीत उलटी केली! रोज ओहोटीला दार उघडायचे, ते आता भरतीला उघडायचे. पहिल्या रात्री बेत साधला नाही. नंतर पाणी येऊ लागले, पण हळूहळू. तेव्हा २९ ऑक्टोबरच्या रात्री गेरार्ट काही शिपायांबरोबर एका मोठ्या दारापाशी गेले. ती जागा दोन्ही फौजांच्या मधली होती. जर्मन पहारा जवळच होता. आवाज होऊन चालणार नव्हते. अंधारात त्यांनी दार उघडले. भरतीचे पाणी आत घुसले. पुढच्या रात्रीही असेच केले.

३० तारखेला जर्मन शिपाई भराव ओलांडून रामस्कापेले गावात शिरले होते. पण त्यांच्या पाठीमागे पाणी चढू लागले. शेते भरली. चर दिसेनासे झाले. तोफा चिखलात रुतल्या. ३१ तारखेला ते गाव परत घेतले गेले, आणि जर्मन फौजांना मागे फिरावे लागले. त्या मुलखात पाणी चार वर्षे राहिले. कोठे गुडघाभर, कोठे कमरेएवढे. १९१८ च्या शरद ऋतूपर्यंत शत्रूला तेथून पुढे येता आले नाही.

गेरार्ट १९२५ साली वारले. पुढे बेल्जियमच्या हजार फ्रँकच्या नोटेवर या नावाड्याचे चित्र छापले गेले. नोटेच्या एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला नावाडी.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. पाणी ज्या शेतांत सोडले, ती शेते कोणाची? तेथल्याच शेतकऱ्यांची. बापजाद्यांनी समुद्रापासून मिळवलेली जमीन पुन्हा खाऱ्या पाण्याखाली गेली. घरे पडली. गुरे गेली. माणसे परमुलखात निघून गेली. देश राखला खरा, पण त्याची किंमत ज्यांनी दिली, त्यांची चित्रे नोटांवर नाहीत.

हे ऐकून आमच्या सौ. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "मीठ किती वर्षांनी उतरलं असेल हो?" खारवट जमिनीत राबलेली बाईच असा प्रश्न विचारील.

४. भरावावरून

आता त्या भरावावर आगगाडी नाही. रूळ काढून टाकले आहेत. त्यावरून चालण्याची व सायकलची वाट केली आहे. आम्ही त्याच वाटेने डिक्समुइडेकडे निघालो. वाटेत रामस्कापेलेच्या जुन्या स्टेशनची पडकी भिंत लागली. ती मुद्दाम तशीच ठेवली आहे. भरावाच्या अंगाला सिमेंटच्या लहान कोठड्या आहेत. शिपाई त्यांत आसरा घेत.

एका बाजूला हिरवी कुरणे, दुसऱ्या बाजूलाही हिरवी कुरणे. कोणत्या बाजूला पाणी होते, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. गाई चरत होत्या. चराच्या काठी बगळा उभा होता. टिटवीच्या जातीचा एक पक्षी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालू लागला. आमच्या सौ. म्हणाल्या, "पोरी, लवकर चल. हिची अंडी जवळच असणार." आपल्याकडची टिटवी जमिनीवर अंडी घालते. तिकडचीही कुरणातच घालते.

मोटारीतून गेलो असतो तर हे काही दिसले नसते. पायी गेलो असतो तर दोन दिवसांत इतके झाले नसते. सायकलचा वेग बरोबर मध्ये बसतो. माणूस बघतही जातो आणि पुढेही जातो.

डिक्समुइडेजवळ नदीकाठी एक खंदक राखून ठेवला आहे. त्याला मरणाचा खंदक म्हणतात. शिपाई त्यात दीर्घकाळ राहिले. पलीकडे थोड्याच अंतरावर शत्रू. मातीच्या पोत्यांच्या जागी आता सिमेंटची पोती रचली आहेत, म्हणजे ती झिजणार नाहीत. आम्ही आत उतरून चाललो. वाट नागमोडी आहे. सरळ असती तर एका टोकाच्या गोळीने सारी रांग पडली असती. रात्री आम्ही डिक्समुइडेला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी ब्लांकार्ट नावाचे तळे पाहिले. पूर्वी लोक येथली जळाऊ माती खणून चुलीत जाळीत. खणता खणता तळे झाले. तळ्याभोवतीची कुरणे हिवाळ्यात नदीच्या पाण्याने भरतात. तेव्हा तेथे थंड देशांतून बदके व हंस उतरतात. हा पाणथळ भाग पक्ष्यांसाठी राखून ठेवला आहे. आम्ही मे महिन्यात गेलो, म्हणून पाणी ओसरले होते. कडेची लव्हाळी उंच वाढली होती. आत कोठेतरी पक्षी बोलत होते.

एका शेताच्या कडेला मुलीने पाटी दाखवली व सांगितले, "बाबा, इकडे नांगरताना अजून जुने गोळे निघतात." शंभर वर्षे होऊन गेली तरी जमिनीत न फुटलेले तोफगोळे आहेत. शेतकरी त्यांना हात लावीत नाहीत, खबर देतात. सैन्याची खास तुकडी येऊन ते घेऊन जाते. लढाई चार वर्षांची, पण तिचे पीक अजून निघते आहे.

५. दरवाजावरची नावे

तिसऱ्या प्रहरी आम्ही कालव्याच्या काठाने ईपर शहरात पोचलो. युद्धात हे शहर जमीनदोस्त झाले होते. लोकांनी ते पुन्हा बांधले, जुने होते तसेच. शहराच्या पूर्वेला मेनिन दरवाजा आहे. १९२७ साली तो बांधून झाला. त्याच्या भिंतींवर ५४ हजारांहून अधिक नावे कोरली आहेत. ज्या शिपायांचे देह सापडले नाहीत, त्यांची ही नावे. त्यांत आपल्या देशाच्या सैनिकांची चारशेच्या वर नावे आहेत.

आपले सैनिक तेथे कसे? तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. इंग्रजांनी लाखाहून अधिक माणसे आपल्या देशातून तिकडे नेली. कापड उन्हाळी, मुलूख थंडीचा. ज्या आठवड्यात गेरार्टने दारे उघडली, त्याच आठवड्यात ते लढत होते. २८ ऑक्टोबरला दक्षिणेकडे फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल गावी आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या पलटणीतील सॅपर लढले. सॅपर म्हणजे खंदक व पूल बांधणारे शिपाई. त्यांची फार हानी झाली. ३१ ऑक्टोबरला ईपरजवळ होलेबेके येथे खुदादाद खान या शिपायाने आपल्या मशीनगनजवळचे सारे सोबती पडले तरी जागा सोडली नाही. इंग्रजांचे सर्वात मोठे शौर्यपदक मिळवणारा तो आपल्या उपखंडातला पहिला शिपाई. न्यव्ह शापेलला आपल्या सैनिकांचे वेगळे स्मारक आहे. त्यावर ४ हजार ७०० हून अधिक नावे आहेत.

यांतील पुष्कळ जणांना लिहिता येत नव्हते. घरी पत्र धाडायचे तर दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यावे लागे. ते पत्र सरकारी माणूस आधी वाची. मग ते गावी जाई. तेथेही वाचणारा शोधावा लागे. मनातली गोष्ट आईला, बायकोला सांगायची, आणि मध्ये इतके कान! लिहिता-वाचता न येण्याचे दुःख यापेक्षा मोठे ते काय?

दरवाजाखाली रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतो. १९२८ पासून ही रीत चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात होते, तेवढ्या काळात मात्र तेथे बिगूल वाजला नाही. आठ वाजता रहदारी थांबली. माणसे गप्प उभी राहिली. बिगूल झाल्यावर आमच्या सौ. भिंतीपाशी गेल्या. मुलगी इंग्रजी नावे वाचून दाखवू लागली. सिंग. खान. पुन्हा सिंग. आमच्या सौ. म्हणाल्या, "सावकाश वाच गं. कोणीतरी वाचावं म्हणूनच लिहिलीत ना?"

६. घरी आल्यावर

आम्ही गावी परतलो तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. आमच्या बांधाला एक लहान खांड पडली होती. पूर्वी खांड पडली की सारा गाव धावे. कोणी माती आणी, कोणी पेंढा, कोणी वासे. दुसरी भरती येण्याआधी खांड बुजे. आता तरुण मंडळी मुंबईला. जे गावात आहेत ते म्हणतात, "सरकार बघेल." सरकार बघेपर्यंत भरती थांबत नाही. शेजारच्या एका गावचे पीक असेच गेले. आता तेथे भात नाही, कांदळवन आहे.

आमच्या सौ.नी बायकांना जमवले व बेल्जियमची गोष्ट सांगितली. गोष्ट सांगून त्या म्हणाल्या, "त्या साहेबांच्या फौजेला उघाडी उघडता आली नाही. ती माहीत होती नावाड्याला. आपल्या गावात आज उघाडी कोणाला माहीत आहे?" मोजून तीन नावे निघाली. तिघेही सत्तरीच्या पुढचे.

तेव्हा गावकीने ठरवले. प्रत्येक महिन्याला दोन घरांची पाळी. एक जाणता, एक शिकाऊ. पाळीची यादी देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिली. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या तारखाही लिहिल्या. ती यादी लिहिली आपल्या रात्रीच्या वर्गातल्या माणसांनी. खांडही त्याच आठवड्यात बुजली.

मंडळी, बांध मातीचा असतो. तो टिकतो माहितीवर आणि पाळीवर. माहिती एकाच म्हाताऱ्याच्या डोक्यात राहिली तर ती त्याच्याबरोबर जाते. कागदावर, भिंतीवर उतरली तर ती गावाची होते. तुम्ही आता अक्षर शिकला आहात. तुमच्या गावात अशी कोणती माहिती आहे, जी अजून लिहिलेली नाही? विहिरीची, बंधाऱ्याची, बियाण्याची, औषधी झाडपाल्याची? ती आधी लिहा.

शब्दांचे अर्थ

उघाडी : खारबांधातील पाणी सोडण्याचे दार
खांड : बांधाला पडलेले भगदाड
पाणथळ : जेथे पाणी साचून राहते अशी जमीन
भराव : माती टाकून उंच केलेली जागा
खंदक : शिपायांना लपण्यासाठी खणलेला लांब चर

प्रश्न

१. उघाडी ओहोटीला का उघडतात व भरतीला का मिटतात?
२. १९१४ साली ही रीत उलटी का केली? त्याने कोण वाचले? कोणाचे नुकसान झाले?
३. कोग, फेइस व गेरार्ट यांपैकी प्रत्येकाला कोणती गोष्ट माहीत होती?
४. सैनिकांना पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे. त्याने काय अडचण होत असेल?
५. तुमच्या गावातील एका जाणत्या माणसाकडे जा. त्याला ठाऊक असलेली एक उपयोगी गोष्ट पाच ओळींत लिहून आणा व वर्गात वाचून दाखवा.